कागदाच्या घडीतला झगा

सुई चुकली तर उसवता येते. कात्री चुकली तर काही करता येत नाही. शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. नव्या कापडाची घडी जमिनीवर उलगडून, कात्री हातात घेऊन, पहिला छेद देण्यापूर्वी ती क्षणभर थांबते. भीती शिवण्याची नसते, बेतण्याची असते. म्हणूनच पूर्वीच्या घरांतून एक वाटणी सरसकट दिसे. धावदोरा, गुंड्या-काजे, रफू, ठिगळे ही कामे घरातल्या बायकांची, आणि नवे कापड बेतण्याचे काम शिंप्याचे. ही वाटणी केवळ आपल्याकडची आहे असे समजू नका. युरोपात तर ती राजाज्ञेने आणि कायद्याने बांधलेली होती. तिला तडा गेला तो एका घडी घातलेल्या पातळ कागदाने. त्या कागदाची हकीकत इथे सांगायची आहे. ती बहुतेक अमेरिकेत घडली, आणि ती सांगताना मला विशेष बोलायचे आहे ते एका झग्याबद्दल. अंगाभोवती लपेटून कमरेशी बांधायचा हा झगा. इंग्रजीत त्याला ‘रॅप ड्रेस’ म्हणतात.

आधी कात्री कोणाच्या हाती होती ते पाहू. युरोपातल्या शहरांत प्रत्येक धंद्याचा संघ असे, आणि संघात नसलेल्याने तो धंदा केला तर दंड होई. फ्रान्समध्ये कपडे बेतून शिवण्याचा हक्क शिंप्यांच्या संघाकडे होता, आणि तो संघ पुरुषांचा. बायका शिवत नसत असे नाही; चोरून शिवत, पकडल्या गेल्या की माल जप्त होई. १६७५ साली चौदाव्या लुईने शिवणाऱ्या बायकांना स्वतःचा संघ काढू दिला. पण त्यातही मेख होती. बायकांनी बायकांचे आणि लहान मुलांचे कपडे शिवावेत, परंतु दरबारी पोशाखातली ताठ चोळी आणि मागे लोळणारा लांब घोळ शिंप्यांकडेच राहावा. म्हणजे जिथे बेतण्याचे खरे कसब आणि खरा पैसा होता, तो भाग पुरुषांनी सोडला नाही.

या कसबावर पुस्तके नव्हती असेही नाही. हुआन दे आल्सेगा नावाच्या स्पॅनिश शिंप्याचे पुस्तक १५८० साली माद्रिदमध्ये निघाले. त्याच्या नावातच ‘भूमिती’ हा शब्द आहे. अमुक पन्ह्याच्या कापडावर झग्याचे तुकडे कसे मांडले म्हणजे कापड कमीत कमी वाया जाते, याच्या आकृत्या त्यात पानोपानी दिल्या आहेत. परंतु हे पुस्तक शिंप्याने शिंप्यासाठी लिहिलेले. घरच्या बाईने ते उघडले असते तरी तिला काही कळले नसते, कारण आकृती तळहाताएवढी आणि झगा पुरुषभर! शिवाय मापाचे काय? इंचाच्या खुणा असलेली फीत शिंप्यांच्या गळ्यात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्याआधी शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी ठेवी. छातीला एक खाच, कमरेला दुसरी, बाहीला तिसरी. कोणती खाच कशाची, हे त्या शिंप्यालाच ठाऊक. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तर पट्टीचा उपयोग शून्य.

मग शिवणयंत्र आले. बार्तेलमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचा हक्क नोंदवला आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवण्याचा कारखाना मांडला. पुढच्याच वर्षी पोटावर पाय येणार या भीतीने शिंप्यांनी तो फोडला. अमेरिकेत एलायस हॉवने १८४६ साली आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली आपापली यंत्रे नोंदवली. सिंगरच्या कंपनीने १८५६ पासून यंत्र हप्त्याने द्यायला सुरुवात केली, आणि सामान्य घरात यंत्र शिरले.

जाता जाता एक गोष्ट. महात्मा गांधींचा यंत्रांना विरोध सर्वांना माहीत आहे. पण १९२४ साली झालेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला त्यातून वगळले. पत्नीला टाके घालण्याचे कंटाळवाणे कष्ट करताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे थोडे अवघडल्यासारखे होते. कारण खरा सिंगर हा नाटकमंडळ्यांतून फिरलेला, एकाच वेळी अनेक संसार चालवणारा गृहस्थ. त्याला हवा होता तो पैसा. गांधीजींचा मुद्दा मात्र त्यामुळे पडत नाही. यंत्र माणसाचे कष्ट वाचवण्यासाठी असावे, एवढेच त्यांना सांगायचे होते, आणि शिवणयंत्राने ते केले.

पण सगळे कष्ट वाचवले का? टाके झपाट्याने पडू लागले, हे खरे. तथापि कापड कुठे कापायचे हे यंत्र सांगत नव्हते. घरात यंत्र आहे, कापड आहे, आणि तरी कापड घेऊन शिंप्याकडे किंवा शिवणारणीकडे जायचे, अशी चमत्कारिक स्थिती झाली. मासिकांनी मदतीचा प्रयत्न केला. जर्मन मासिकांतून पूर्ण मापाचे तक्ते येत. पण कागद वाचवण्यासाठी एकाच तक्त्यावर दहा-बारा कपड्यांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या. एक सदरा शोधायचा तर मोठ्या जंक्शनावरच्या रुळांतून आपला रूळ शोधण्याइतके अवघड. न्यूयॉर्कमध्ये एलेन डेमोरेस्ट या बाईंनी १८६० पासून आपल्या फॅशनच्या मासिकातून पातळ कागदाचे नमुने द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत गुलामगिरी अजून चालू असतानाच्या त्या दिवसांत या बाईंच्या कामाच्या खोलीत गोऱ्या आणि काळ्या स्त्रिया बरोबरीने कामाला होत्या, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. मात्र त्यांचे नमुने बहुधा एकाच मापाचे असत. आपल्या अंगाचे माप वेगळे असेल तर वाढवा-कमी करा, ते तुमचे तुम्ही.

खरी गाठ सुटली ती १८६३ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग नावाच्या लहानशा गावात. एबेनीझर बटरिक हा तिथला शिंपी. त्याची बायको एलेन ऑगस्टा जेवणाच्या टेबलावर चौकटीचे कापड पसरून मुलासाठी कपडा बेतत होती. नवऱ्याला ती म्हणाली, की मुलाच्या नेमक्या मापाचा बेत तयार मिळाला असता तर किती सोपे झाले असते! कथा सांगतात ती अशी. ती तंतोतंत खरी असेलच असे नाही. मोठ्या पेढ्यांना अशी एखादी घरगुती जन्मकथा लागतेच. पण बटरिकने पुढे जे केले ते मात्र कागदोपत्री आहे. त्याने एकाच कपड्याचे निरनिराळ्या मापांचे बेत काढून विकायला सुरुवात केली.

हे ऐकायला सोपे वाटते. पण जरा विचार करून पाहा. छाती दोन इंच वाढली म्हणून खांदा काही दोन इंच वाढत नाही. फार तर पाव इंच वाढेल. गळा त्याहून थोडा वाढतो, मुंढा खाली उतरतो, पाठीची उंची जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे लहान मापाचा नमुना सरसकट मोठा केला, की मोठे माप बिघडलेच म्हणून समजा. प्रत्येक भाग कोणत्या प्रमाणात वाढवायचा हे अनुभवी शिंपी जाणत, पण ते ज्ञान त्यांच्या हातात असे, कागदावर नसे. बटरिकने ते कागदावर उतरवले आणि विकायला काढले. पहिले बेत पुरुषांच्या आणि मुलांच्या सदऱ्यांचे, आणि तेही पुठ्ठ्याचे. पुठ्ठा टपालाने पाठवायला जड आणि घडी घालायला अवघड, म्हणून लवकरच तो पातळ, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या कागदावर आला. या कागदाची चार बोटांची घडी होते आणि ती लिफाफ्यात मावते. अमेरिकेत त्या वेळी यादवी युद्ध चालू होते. इकडे बटरिकचा सर्वांत खपणारा बेत कोणता, तर मुलांचा ‘गॅरिबाल्डी सूट’! इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनापती अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या अंगावर असा कागदातून उतरला.

१८६४ मध्ये बटरिकने न्यूयॉर्क गाठले, १८६६ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांचे बेत काढले, आणि १८७३ मध्ये ‘द डेलिनिएटर’ हे मासिक सुरू केले. १८७६ पर्यंत अमेरिका आणि कॅनडात मिळून पेढीच्या शंभर शाखा आणि हजारभर अडत्ये झाले होते. जेम्स मॅकॉल या स्कॉटिश शिंप्याने १८७० मध्ये न्यूयॉर्कमध्येच दुसरी पेढी उघडली. ‘डेलिनिएटर’ची एक मौज सांगण्याजोगी आहे. १९०७ ते १९१० या काळात त्याचा संपादक होता थिओडोर ड्रायझर. ज्याची पहिली कादंबरी अनीतिमान म्हणून प्रकाशकालाच नकोशी झाली होती, तोच हा कादंबरीकार. तो पोटासाठी गृहिणींना झगे आणि मुलांची दुपटी यांचे मासिक चालवून देत होता.

तुमच्या हातात १८८० सालचा एखादा बेत पडला तर तुम्ही गोंधळून जाल. त्याच्यावर छापलेले काहीच नाही! रेघ नाही, बाण नाही, अक्षर नाही. फक्त भोके. मोठी भोके एका ओळीत असली तर ती कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवायची. बारीक भोके चुणीची किंवा शिवणीची. काठावरच्या खाचा एकमेकींना जुळवायच्या. तुकडे कशाचे आहेत हे पाकिटावरच्या चार ओळी वाचून ओळखायचे. छापील रेघांचे बेत मॅकॉलने १९२० च्या सुमारास आणले, आणि कृतीचा स्वतंत्र, चित्रांसह छापलेला कागद बटरिकने पहिल्या महायुद्धाच्या आसपास घालायला सुरुवात केली. तोपर्यंत दोन पिढ्यांच्या बायका ही भोकांची लिपी वाचत होत्या. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते अशाही कित्येकजणी त्यांत असतील. इतिहासात साक्षरतेचे आकडे आपण नेहमी देतो; या साक्षरतेचा आकडा कोणी ठेवला नाही.

आता दुसरी बाजू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बायकांना स्वतःच्या हिमतीवर करता येतील असे धंदे थोडेच होते, आणि त्यांपैकी एक मोठा धंदा झगे शिवून देण्याचा. या शिवणारणींचे बेतण्याचे कसब वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने आलेले. कागदी बेताने आणि पुढे तयार कपड्याने त्यांचा धंदा बसला. तेव्हा कागदाने पुरुष शिंप्यांची मक्तेदारी मोडली असे म्हणून टाळी वाजवताना, त्याच कागदाने कित्येक बायकांच्या हातचे कसबही स्वस्त केले, हे विसरता येत नाही. माझ्या मते हिशेब तरीही कागदाच्या बाजूने पडतो. शिवणारणीकडे जाणे ज्यांना परवडतच नव्हते अशा घरांची संख्या कितीतरी मोठी होती, आणि त्या घरांत हा कागद पहिल्याने पोहोचला.

तिसरी अडचण मापाची, आणि ती आजही संपलेली नाही. तयार माप म्हणजे कोणाचे माप? कारखानदारांनी आणि पेढ्यांनी आपापल्या अंदाजाने आकडे ठरवलेले. अमेरिकन सरकारच्या गृहशास्त्र विभागाने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी पन्नासाहून अधिक मापे घेतली आणि १९४१ मध्ये ती प्रसिद्ध केली. छातीच्या एका मापावरून बाकीचे शरीर ओळखता येत नाही, हे त्यातून उघड झाले. मात्र या मोजणीचा निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरली होती. प्रमाण म्हणून जे शरीर कागदावर आले, त्यात कोण धरले आणि कोण वगळले, हे पाकिटावर कधीच छापलेले नसते.

आपल्याकडे तयार बेताचा हा कागद फारसा रुजला नाही. त्याचे एक कारण म्हणजे लुगडे. त्याला कात्रीच नाही. दुसरे, परवडण्याजोगा शिंपी कोपऱ्यावर. आणि तिसरे, पोलक्याचे माप द्यायचे तर आपण जुने नीट बसणारे पोलके देतो! मापाचे पोलके हाच आपला बेत. शिवणाच्या वर्गात ‘पेपर कटिंग’ शिकवतात ते तपकिरी कागदावर, ज्या त्या व्यक्तीच्या मापाने. ही रीत कष्टाची आहे, पण त्यात माणसाला कागदाच्या मापात बसवत नाहीत, कागदाला माणसाच्या मापात बसवतात. मोठ्या बाजारपेठेला हे परवडत नाही. मग तिथे उपाय काय? कपडाच असा काढायचा की त्याने माप थोडे सोसून घ्यावे. इथे लपेटून बांधायचा झगा आपल्या हकीकतीत येतो.

लपेटण्याची कल्पना आपल्याला शिकवायला नको. बाराबंदीचेच पाहा ना. छातीवर एक पदर दुसऱ्यावर जातो आणि बंदांनी बांधला जातो. माणूस थोडा भरला किंवा वाळला तरी बंद घट्ट-सैल केला की झाले. काज-गुंडीसारखा अडून बसत नाही. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंद्यांची रांग आजही दिसते. युरोपीय लोकांनी सतराव्या-अठराव्या शतकांत घरात घालायला जो सैल झगा उचलला, तोही जपानी किमोनो आणि हिंदुस्थानी चिटाचे कापड यांच्या संगमातून आलेला. इंग्रजीत त्याला ‘बॅनियन’ म्हणत; आपल्याकडच्या ‘बनिया’वरून. सॅम्युअल पेपिस या रोजनिशीकाराने १६६६ मध्ये आपले चित्र काढून घेताना असा ‘इंडियन’ झगा भाड्याने आणला होता! पण तो पुरुषांचा आणि ऐषआरामाचा.

बायकांच्या घरकामात लपेटझगा आला तो महायुद्धात. १९१७ साली अमेरिकेच्या अन्नखात्याचा प्रमुख हर्बर्ट हूव्हर. पुढे हाच राष्ट्राध्यक्ष झाला. धान्य वाचवण्याच्या मोहिमेतल्या स्त्रियांसाठी एक साधा, पुढे एकावर एक जाणारा अंगरखा ठरवण्यात आला, आणि लोक त्याला हूव्हरचेच नाव लावून मोकळे झाले. त्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. पुढचे दोन्ही पदर सारखेच रुंद. उजवा पदर वर घेऊन सकाळी स्वयंपाक करायचा. डाग पडले की तो आत घालून डावा वर घ्यायचा, आणि दारात आलेल्या पाहुण्याला सामोरे जायचे. धुण्याचा एक दिवस वाचला! हा कपडा युद्ध संपल्यावरही वीस-पंचवीस वर्षे घराघरांतून टिकला.

दुसऱ्या महायुद्धात मोलकरणी कारखान्यांत गेल्या आणि सुखवस्तू घरांतल्या बायकांवर स्वतः भांडी घासायची पाळी आली. तेव्हा क्लेअर मॅककार्डेल या न्यूयॉर्कच्या कपडे आखणाऱ्या बाईंनी १९४२ मध्ये ‘पॉपओव्हर’ नावाचा लपेटझगा काढला. कापड जाडेभरडे, खिसा मोठा, आणि कमरेला भट्टीतले भांडे उचलण्याचा हातमोजा लटकवलेला. किंमत ६ डॉलर ९५ सेंट. पहिल्याच हंगामात ७५ हजारांवर खपले. कामाच्या कपड्याला कामाचा कपडा म्हणूनच नीटस करावे, त्याला मेजवानीच्या कपड्याचे सोंग आणू नये, ही या बाईंची दृष्टी. मला स्वतःला या सगळ्या हकीकतीत मॅककार्डेलबाई फार मोठ्या वाटतात.

आणि १९५२ साली बटरिक पेढीने घरी शिवण्याचा तो प्रसिद्ध बेत काढला. न्याहारी झाल्यावर शिवायला बसा आणि दुपारच्या जेवणाला तोच घालून बाहेर पडा, अशी त्याची जाहिरात. नाव पडले ‘वॉक-अवे ड्रेस’. त्याची रचना ऐका. पाठ आणि पोट असे दोन मुख्य भाग, जोडायचे फक्त खांद्यावर. काखेखाली शिवणच नाही. डोक्यातून घालायचा. पुढचा अरुंद भाग दोन्ही बाजूंनी मागे नेऊन पाठीशी अडकवायचा. मग पाठीचा भाग, ज्याला खाली मोठा गोल घेर आहे, तो दोन्ही बाजूंनी पुढे आणून कमरेशी गुंडीने लावायचा. बाही नाही, मुंढ्यात बाही बसवण्याची कटकट नाही, बाजूची टीप नाही. शिकाऊ हाताला ज्या तीन-चार गोष्टी जड जातात त्या सगळ्या गाळून टाकलेल्या.

समजा असा बेत घेऊन तुम्हीच बसलात. पाकिटातून कागद काढून त्याच्या सुरकुत्या कोमट इस्त्रीने घालवाव्यात. कापड आधी भिजवून आटवून घ्यावे. हा एक दिवस जाहिरातीत धरलेला नसतो! कागदावरचा लांब बाण कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवावा, आणि तो डोळ्याने न पाहता दोन्ही टोकांपासून काठापर्यंत पट्टीने मोजावा. बाण तिरका गेला तर झगा दोन धुण्यांत अंगावर पिळवटतो, आणि मग दोष शिवणीला दिला जातो. शिवणीसाठी सोडलेली माया अमेरिकन बेतांत बहुधा पाच-अष्टमांश इंच असते. आपल्या बायका मोठी माया सोडतात, कारण पोलके उद्या मोठ्या बहिणीचे धाकटीला किंवा धाकटीचे मोठीला व्हायचे असते. पण कागदाच्या हिशेबात ती वाढवली तर खाचा जुळत नाहीत. टाचण्या मायेतच घालाव्यात.

खांदे जोडले की राहिले काय? कडा. आणि या झग्याला कडाच कडा! गळा, मुंढे, घेर मिळून कित्येक वार उरेब पट्टी लावावी लागते. जेवणापर्यंत झगा होणार असे म्हणणाऱ्याने ही पट्टी कधी लावली नसावी. शिवाय गोल घेराचा काही भाग आपोआपच उरेब पडतो, आणि उरेब कापड आपल्या वजनाने लोंबते. म्हणून जाणत्या बायका खालची दुमड घालण्यापूर्वी झगा एक रात्र टांगून ठेवतात आणि सकाळी खालची कड पुन्हा समान करतात. असो. जाहिरातीची दुपार दुसऱ्या दिवशीची धरली म्हणजे झाले. वाऱ्याच्या दिवशी मागचा पदर उडतो, पुढचा अरुंद भाग दिसतो, आणि घेराचे वजन पाठीकडे ओढते, अशी तक्रार हा बेत शिवून पाहिलेल्या कित्येकजणींनी केलेली आहे. तरीही तो इतका खपला म्हणे की पेढीला काही काळ दुसरे बेत थांबवून फक्त याच बेताच्या मागण्या पुऱ्या कराव्या लागल्या.

या झग्याचा आजचा अवतार १९७४ चा. ब्रसेल्समध्ये जन्मलेल्या, न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या डिआन फॉन फर्स्टेनबर्ग या बाईंनी तो काढला. पुढे दोन पदर छातीवर तिरके एकावर एक, लांब बाह्या, कमरेला पट्टा. यात शिवणकाम जाणणाऱ्याने पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे कापड. ते हातमागाच्या किंवा गिरणीच्या उभ्या-आडव्या धाग्याचे नव्हते. विणलेले, ताणणारे जर्सी होते. छातीवरून तिरकी जाणारी कड ही साध्या कापडात नेमकी उरेब पडते, ती सैल होऊन झगा वाकताना उघडा पडतो. घरी साध्या सुती कापडात हा झगा शिवणाऱ्या बाईने त्या कडेच्या आतून कडेपेक्षा किंचित आखूड अशी सरळ फीत शिवून घ्यावी, म्हणजे कड छातीशी धरून राहते. जर्सीत ही अडचण बरीच कमी. दोन वर्षांत असे दहा लाखांवर झगे खपले आणि मार्च १९७६ मध्ये ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर या बाई आल्या. कचेरीत काम करणाऱ्या स्त्रीला गुंडी, चेन, हुक काही नको, एक गाठ बांधली की झाले, हे त्याचे आकर्षण. व्होग पेढीने लवकरच त्याचा कागदी बेतही घरी शिवणाऱ्यांसाठी काढला.

पण त्याच सुमारास दुसरे काहीतरी बदलत होते. ज्या बाईसाठी हा झगा काढला ती आता कचेरीत होती. तिला दुपार मोकळी नव्हती. आणि तयार कपडा दिवसेंदिवस इतका स्वस्त होऊ लागला की कापड, दोरा आणि बेत यांची किंमत त्याहून जास्त पडावी. शंभर वर्षांपूर्वी घरी शिवणे ही काटकसर होती, आता ती हौस झाली. स्वस्त कपडा कोणीतरी शिवतच असते. ती बाई आता ढाक्याच्या किंवा तिरुपूरच्या कारखान्यात बसलेली आहे. तिच्यासमोर बहुधा झग्याची एकच शिवण येते, दिवसभर तीच. बेत तिने कधी पाहिलेला नसतो.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात या कागदी बेतांचा एक संग्रह आहे. एकोणिसाव्या शतकापासूनची हजारो पाकिटे तिथे जपलेली आहेत. पातळ कागद म्हणजे वापरला की फाटणारी वस्तू, त्यामुळे जुन्या बेतांपैकी जे आज चांगल्या स्थितीत सापडतात त्यांतले कितीतरी कधी उघडलेच गेले नव्हते. वापरलेले जे टिकले त्यांची दशा निराळी. कमरेशी कागद कापून आत घेतलेला, कुठे उंची वाढवण्यासाठी वर्तमानपत्राचा तुकडा टाचलेला, काठावर गंजलेल्या टाचणीचे दोन डाग.